आधी न्याहारी, मग प्रश्न

आजचा शास्त्रभाग : योहान २१:१-१९
सोबत वाचा : लूक २२:३१-३४, गलती ६:१-५, १ योहान १:५-१०



आजचं मनन नेहमीपेक्षा मोठं आहे. दोन आठवडे मी हे लिहायचं टाळत होतो, कारण यात माझी स्वतःचीच चूक आहे. ज्याच्याविषयी लिहितोय तो माझा जुना मित्र. त्याला आधी वाचायला दिलं. तो म्हणाला, "नाव नको टाकूस, बाकी सगळं लिही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहितो.

विश्वासापासून दूर गेलेल्या माणसाला परत आणण्याविषयी आपण मंडळीत खूप बोलतो. उधळ्या पुत्रावर वर्षातून एक तरी संदेश होतोच. पण खरोखर एखादा माणूस आपल्या डोळ्यांसमोर दूर जातो तेव्हा नेमकं करायचं काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जे केलं ते चुकीचं केलं. मग देवाच्या वचनाने मला ते हळूहळू दाखवलं.

काय झालं होतं

आम्ही दोघे इंजिनिअरिंगला एकत्र होतो. हॉस्टेलवर शनिवारी रात्री पाच-सहा जण प्रार्थनेला बसायचो, त्याची सुरुवात त्यानेच केली. नोकरी लागल्यावर पुण्यात एकाच मंडळीत आलो. तो गिटार वाजवायचा आणि तरुण संघाचा खजिनदार होता. मी सेक्रेटरी.

त्या काळात तो मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग करू लागला. सुरुवातीला थोडे पैसे मिळाले, मग जाऊ लागले. गेलेले परत मिळवायला अॅपवरून कर्ज घेतलं. आणि मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिरासाठी जमलेले २३,५०० रुपये त्याच्या खात्यात होते, तेही एका दुपारी लावून टाकले. संध्याकाळपर्यंत परत ठेवू असं मनात होतं. संध्याकाळपर्यंत ते संपले होते.

बसवाल्याला अॅडव्हान्स द्यायची वेळ आली तेव्हा सगळं बाहेर आलं. तीन दिवसांचं शिबिर दोन दिवसांचं करावं लागलं, मोठ्यांनी खिशातून पैसे घातले. मला फार राग आला होता. त्या रात्री पावणेबाराला मी त्याला व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मेसेज पाठवला. त्यात सात वचनं होती. चोरीवर, द्रव्यलोभावर, ढोंगीपणावर, न्यायावर. आम्ही ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या कोडवर रिव्ह्यूच्या कॉमेंट टाकतो ना, तसा एकेक मुद्दा काढून मी वचन लावलं होतं. सगळी वचनं खरी होती. एकही संदर्भ चुकला नव्हता.

त्याचं उत्तर आलं, "बरोबर आहे तुझं." आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्यानंतर चार वर्षं तो कोणत्याही चर्चची पायरी चढला नाही.

त्याची आई मात्र दर रविवारी यायची. तिसऱ्या रांगेत बसणारी बाई हळूहळू शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागली. उपासना संपली की कुणी काही विचारायच्या आत निघून जायची. एका रविवारी चपला घालताना आम्ही समोरासमोर आलो. त्यांनी विचारलं, "बाळा, तुझं बोलणं होतं का रे त्याच्याशी?"

मी म्हणालो, "काकू, मी रोज प्रार्थना करतोय त्याच्यासाठी."

प्रियांनो, ते खोटं होतं. कित्येक महिन्यांत मी त्याचं नावसुद्धा प्रार्थनेत घेतलं नव्हतं. त्याने पैशांविषयी खोटेपणा केला, आणि मी चर्चच्या दारात उभं राहून एका आईशी प्रार्थनेविषयी खोटं बोललो. त्या रात्री वाचनाच्या क्रमात योहान २१ आलं. पुढे जे लिहितोय ते त्या रात्रीपासून सुरू झालेलं मनन आहे.

प्रभूने पेत्राला कसं परत आणलं

पेत्राचं पाप लहान नव्हतं. ज्या रात्री प्रभूला सोबतीची गरज होती त्याच रात्री त्याने तीन वेळा, शपथा वाहून, त्याला ओळखत नसल्याचं सांगितलं. आणि हे करणारा कुणी नवखा नव्हता, बाराजणांमधला पुढारी होता. त्याला परत आणण्यासाठी प्रभूने काय काय केलं ते नव्या करारात ठिकठिकाणी विखुरलेलं आहे. एकत्र ठेवून पाहिलं की एक क्रम दिसतो.

पहिली गोष्ट, प्रार्थना पडण्याच्या आधी झाली होती. लूक २२:३१-३२ मध्ये प्रभू शिमोनाला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि लगेच पुढे तो परत फिरण्याविषयी बोलतो, परतल्यावर आपल्या भावांना स्थिर करण्याचं काम देतो. पेत्र अजून पडलाही नव्हता, पण त्याच्या परत येण्याची तयारी प्रभूने करून ठेवली होती. मी मात्र मेसेज टाईप करायला चाळीस मिनिटं दिली होती आणि प्रार्थनेला एक मिनिटही नाही.

दुसरी गोष्ट, निरोपात त्याचं नाव होतं. मार्क १६:७ वाचा. रिकाम्या कबरेजवळ स्त्रियांना जो निरोप मिळतो तो शिष्यांसाठी आहे, पण त्यात पेत्राचं नाव वेगळं घेतलेलं आहे. का? कारण "शिष्यांनी या" एवढंच म्हटलं असतं तर पेत्राला वाटलं असतं, मी आता त्यांच्यात मोजला जात नाही. दूर गेलेल्या माणसाला असंच वाटतं. चर्चच्या बोर्डावर "सर्वांचे स्वागत" लिहिलेलं असतं, पण त्या "सर्व"मध्ये आपण नाही असं त्याला मनातून पक्कं वाटतं. त्याला त्याच्या नावाने हाक लागते.

तिसरी गोष्ट, एकांतातली भेट. लूक २४:३४ आणि १ करिंथ १५:५ या दोन्ही ठिकाणी प्रभू शिमोनाला म्हणजे केफाला दिसल्याचं वेगळं नमूद केलं आहे. पण त्या भेटीत काय बोलणं झालं, याचा एक शब्दही पवित्र शास्त्रात नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. पेत्र आणि प्रभू यांच्यातलं ते बोलणं कुणालाही सांगितलं गेलं नाही. आपल्याकडे मात्र कुणी मन मोकळं केलं की दुसऱ्या दिवशी ते "प्रार्थनेचा विषय" म्हणून पाच घरी पोचतं.

चौथी गोष्ट, न्याहारी. योहान २१ मध्ये सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे परत येत आहेत. किनाऱ्यावर प्रभू उभा आहे. पेत्र पाण्यात उडी घेतो, ओलाचिंब होऊन पोचतो, आणि तिथे कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. प्रभूकडे आधीच मासे आहेत, तरी तो म्हणतो की तुम्ही आता धरलेल्यातले थोडे आणा. सगळे जेवतात. आणि पंधरावं वचन स्पष्ट सांगतं की प्रश्न न्याहारीनंतर आला. ओल्या, थकलेल्या, उपाशी माणसाला प्रभूने आधी भाकर दिली.

पाचवी गोष्ट, आणि ही सोडून चालणार नाही, प्रभूने पाप झाकलं नाही. "कोळशांचा विस्तव" यासाठी जो ग्रीक शब्द इथे आहे तो नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे, आणि एकदा योहान १८:१८ मध्ये, महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभा राहून पेत्राने नाकारलं होतं. तोच वास, तोच उजेड. आणि तीन नकारांना तीन प्रश्न. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं वचन सांगतं. म्हणजे जखमेला हात लागला, दुखलं. पण प्रश्न कोणता होता ते बघा. "तू असं का केलंस?" असं प्रभूने विचारलं नाही. "पुन्हा करणार नाहीस ना?" असंही नाही. त्याने विचारलं ते प्रीतीविषयी. पापाच्या मुळाशी प्रीतीच कमी पडलेली असते, आणि परत येण्याचा रस्ताही तिथूनच जातो.

सहावी गोष्ट, काम परत मिळालं. प्रत्येक उत्तरानंतर कोकरांची, मेंढरांची काळजी त्याच्यावर सोपवली गेली. क्षमा करून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही.

तुटलेलं जाळं फेकत नाहीत

गलती ६:१ मध्ये पौल सांगतो की कुणी अपराधात सापडला तर आत्मिक माणसांनी त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणावं. या "ताळ्यावर आणणे" यासाठी मूळ ग्रीक क्रियापद "कतार्तिझो" आहे. हेच क्रियापद मार्क १:१९ मध्ये येतं, जिथे याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत आहेत. जाळं फाटलं म्हणून कोळी ते समुद्रात फेकून देत नाही. मांडीवर घेतो, फाटलेली जागा बोटांनी शोधतो आणि एकेक गाठ मारत बसतो. हे काम घाईने होत नाही आणि दुरून तर होतच नाही.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की अनुभवी माणूस आधी सेवा पूर्ववत करतो. कुणाच्या कोडमुळे झालं ते नंतर, शांतपणे, दोषारोप न करता बघितलं जातं. कारण कुणी ओरडलं तर पुढच्या वेळी लोक चूक लपवतात, आणि लपवलेली चूक जास्त नुकसान करते. ऑफिसमध्ये मला हे कळत होतं. मंडळीत कळलं नाही.

त्याच वचनात पौल एक इशाराही देतो की हे करताना स्वतःकडे लक्ष ठेव, नाहीतर तूही मोहात पडशील. मला वाटायचं, हा मोह म्हणजे समोरच्याचंच पाप. मी काही ट्रेडिंग करणार नव्हतो, मग मला कसला मोह? आता कळतं की माझा मोह वेगळा होता. आपण त्याच्यापेक्षा बरे आहोत असं वाटण्याचा मोह. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला मुलगा घर सोडून कुठेच गेला नाही, तरी शेवटी घराबाहेर उभा तोच आहे (लूक १५:२८).

आता पुढची दोन वचनं. गलती ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं सांगितलं आहे आणि ६:५ मध्ये प्रत्येकाने आपापला भार वाहावा असं. वाचताना वाटतं पौल दोन उलट गोष्टी सांगतोय. पण मूळ भाषेत शब्द वेगळे आहेत. पहिला "बारोस" म्हणजे चिरडून टाकणारं वजन. दुसरा "फोर्तियोन" म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचं गाठोडं. मित्राच्या बाबतीत मला हा फरक फार उपयोगी पडला. पैसे परत करणं हे त्याचं गाठोडं होतं, ते त्यानेच उचलायला हवं होतं. पण ती लाज, ते एकटेपण, "मी आता संपलो" ही भावना, हे एकट्याने उचलण्यासारखं वजन नव्हतं. मी उलटं केलं होतं. वजन त्याच्यावर टाकलं आणि हात झटकले.

तळेगावची लोकल

मी फोन केला, त्याने कट केला. पुन्हा केला, पुन्हा कट. मग मी एक ओळ पाठवली, "माझी चूक झाली आहे, तुझी माफी मागायची आहे. बाकी काही बोलायचं नाही." दोन दिवसांनी त्याने पत्ता पाठवला.

तो तळेगावात एका खोलीत राहत होता. शिवाजीनगरहून लोकलने गेलो. बॅगेत बायबल होतं, पण बाहेर काढलं नाही. स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. त्याने नोकरीतलं सांगितलं, मी माझ्या मुलीच्या शाळेचं सांगितलं. मग मी माफी मागितली. म्हणालो, "त्या मेसेजमधली वचनं देवाची होती, पण तो मेसेज देवाचा नव्हता."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या रात्री तुझा मेसेज वाचून मी टेरेसवर खूप वेळ उभा होतो."

मला काय म्हणायचं होतं ते सुचेना. आजही सुचत नाही. २ करिंथ २:७ मध्ये पौल अगदी हेच भय व्यक्त करतो. मंडळीने एका माणसाला शिक्षा केली होती, आणि आता पौल सांगतो की पुरे झालं, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अतिदुःखाने तो माणूस गिळून टाकला जाईल. हे वचन मी दहा वेळा तरी वाचलं असेन. पण गिळला जाणारा माणूस मिसळीच्या टेबलापलीकडे बसलेला असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

(इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुणी असं काही बोलला, तर "प्रार्थना करतो" म्हणून फोन ठेवू नका. त्याच्याजवळ जा, त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे घेऊन जा. यात विश्वास कमी पडत नाही. मित्रही नंतर समुपदेशकाकडे गेला आणि त्याचा त्याला फायदा झाला.)

यहूदा आणि पेत्र दोघेही एकाच रात्री पडले. मत्तय २७:३-५ मध्ये यहूदालाही पस्तावा झाला आहे. तो पैसे परत घेऊन जातो, आपलं पाप कबूलही करतो. पण कुणाकडे? प्रमुख याजकांकडे. आणि ते त्याला तुझं तू बघ अशा अर्थाचं उत्तर देऊन मोकळे होतात. पेत्र मात्र कसाबसा भावांच्या सोबतीत टिकला, आणि तिथे प्रभूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला. मी स्वतःला विचारलं, माझ्याकडे कबुली घेऊन आलेल्या माणसाला मी भावासारखा भेटलो की त्या याजकांसारखा?

क्षमा वाटत नसेल तर

तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्याने स्वतःच विषय काढला. "मी देव सोडला नाही रे. रोज रात्री तेच पाप कबूल करतो. पण माफी मिळाल्यासारखं वाटत नाही. आणि खरं सांगू, मला देवाची जेवढी भीती वाटत नाही तेवढी त्या बाकांची वाटते."

तेव्हा आम्ही १ योहान १:९ उघडलं. योहान सांगतो की आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. मी त्याला विचारलं, "इथे दयाळू का नाही म्हटलं? न्यायी का म्हटलं?" आम्ही दोघांनी विचार केला. देव दयाळू आहेच. पण क्षमा जर फक्त दयेवर असती तर मनात शंका राहिली असती, की आज देवाला दया आली, उद्या नाही आली तर? योहान म्हणतो तो न्यायी आहे. येशूने वधस्तंभावर किंमत भरलेली आहे, आणि एकदा भरलेली किंमत न्यायी देव पुन्हा मागत नाही. म्हणून क्षमा ही मला काय वाटतं यावर उभी नाही. कर्ज फिटल्यावरही काही दिवस माणूस फोन वाजला की दचकतो. पण दचकला म्हणून कर्ज परत उभं राहत नाही.

हे ऐकून त्याला लगेच शांती मिळाली असं झालं नाही. तो म्हणाला, "डोक्याला पटतंय." बस. मला वाटतं कित्येकदा क्षमा आधी डोक्याला पटते आणि हृदयापर्यंत यायला तिला वेळ लागतो. तोपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सोबत बसायचं असतं.

मग त्याने विचारलं, "क्षमा झाली, मग पैसे परत करायचे की नाही?" आम्ही जक्कयाची गोष्ट वाचली (लूक १९:१-१०). क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, तेव्हा जक्कय उभा राहून चौपट परत द्यायची गोष्ट करतो. पैसे परत केले म्हणून येशू घरी आला नाही. येशू घरी आला म्हणून पैशांवरची मूठ सुटली. भरपाई ही क्षमेची किंमत नाही, क्षमेचं फळ आहे. पण फळ आलंच पाहिजे. कारण आमच्या शिबिरातल्या मुलांचा एक दिवस खरोखर गेला होता.

हे मुद्दाम लिहितो. पडलेल्याला उचलताना ज्याचं नुकसान झालं त्याला विसरायचं नाही. "आता क्षमा कर, विषय संपव" असं त्याच्यावर लादायचं नाही. आणि जिथे कुणाला मारहाण झाली असेल, लहान मुलांना किंवा स्त्रियांना इजा झाली असेल, तिथे त्यांची सुरक्षितता आधी, कायद्याचं काम कायद्याला करू द्यायचं. क्षमा म्हणजे लपवाछपवी नव्हे.

परत येणं

पाळकसाहेबांना त्यानेच सांगायला सांगितलं. ते त्याच्या खोलीवर गेले, चहा प्यायले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "तू ये. मी बाकीच्यांशी बोलतो." बाकीचं सोपं नव्हतं. कमिटीत एकजण म्हणाले की आता हा पुन्हा गिटार घेऊन पुढे उभा राहणार का? प्रश्न कडू होता, पण अगदी चुकीचा नव्हता. ठरलं असं की तो दरमहा दोन हजार रुपये परत करेल, पैशांचं कोणतंही काम त्याच्याकडे राहणार नाही, आणि सेवेची घाई करायची नाही. हे त्यालाच हवं होतं. म्हणाला, "पैसे माझ्या हातात देऊ नका. क्षमा केलीत ना, मग मला मोहात पण टाकू नका."

मला योहान मार्क आठवतो. प्रेषितांची कृत्ये १३:१३ मध्ये तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. १५:३७-३९ मध्ये पौलाने त्याला सोबत घ्यायला नकार दिला, त्यावरून बर्णबाशी मोठा वाद झाला, दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्काला जवळ घेतलं. आणि कित्येक वर्षांनी तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मधल्या वर्षांत काय झालं ते शास्त्र फारसं सांगत नाही. पण कुणीतरी त्याच्याबरोबर चालत होतं एवढं नक्की.

तो ज्या रविवारी आला त्या दिवशी काही विशेष नव्हतं. नाताळ नाही, ईस्टर नाही. शेवटच्या बाकावर आईशेजारी बसला. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. तो उठला नाही. मीही त्याला खुणावलं नाही. पुढच्या महिन्यात तो उठला, आईच्या मागे रांगेत उभा राहिला. भाकर हातात घेताना त्याचा हात थरथरत होता. मला किनाऱ्यावरची ती न्याहारी आठवली. वाढणारा आजही तोच आहे.

त्या दिवशी चपला घालताना मी काकूंना थांबवलं. म्हणालो, "काकू, त्या वेळी मी रोज प्रार्थना करतो म्हणालो होतो. ते खोटं होतं. मला माफ करा."

त्या म्हणाल्या, "कळलं होतं मला. तू डोळ्यात बघितलं नव्हतंस." आणि मग, "म्हणून त्या दिवसापासून मी तुझंही नाव घेते."

मला वाटत होतं दूर गेलेला एकच आहे. काकू मात्र दोघांसाठी प्रार्थना करत होत्या.

आज स्वतःला विचारा

१. असा कोण आहे ज्याच्याविषयी मी इतरांशी बोलतो, पण देवाशी बोलत नाही? आज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा.

२. मी त्याला शेवटचा निरोप कोणता पाठवला होता? त्याबद्दल माफी मागायची आहे का? असेल तर आधी ती मागा, वचन नंतर.

३. त्याच्या बाबतीत चिरडणारं वजन कोणतं आणि त्याचं स्वतःचं गाठोडं कोणतं? पहिलं वाटून घ्या. दुसरं हिसकावून घेऊ नका.

४. आणि तुम्हीच दूर गेलेले असाल, आणि कुणीतरी पाठवलं म्हणून हे वाचत असाल, तर एवढंच सांगतो. तुमचं नाव निरोपात आहे. आधी सगळं सुधारून मग यायचं नाही. पेत्र ओल्या कपड्यांनीच किनाऱ्यावर आला होता.

प्रार्थना

हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तू आम्हाला शोधत आलास म्हणून आम्ही आहोत. ज्यांना आम्ही शब्दांनी दूर लोटलं त्यांच्यासाठी आम्ही तुझी क्षमा मागतो. आमच्या जिभेला सौम्यता दे, आमच्या पायांना त्यांच्या दारापर्यंत जायचं बळ दे. जे आज रात्री एकटे आहेत आणि आपण संपलो असं समजतात, त्यांना तुझ्या पुत्राचा आवाज ऐकू येऊ दे. वधस्तंभावर किंमत भरून झाली आहे, हे आमच्या डोक्यातून हृदयात उतरू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.